गरम इंजिन विकणाऱ्या दलालास खुले पत्र

दलालशेठ,

या पत्रावर तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. नाव घातलं असतं तर बाकीचे सुटले असते. करंजापासून मोऱ्यापर्यंत आणि खाडीपलीकडे रेवसपर्यंत जुन्या बोटींचे सौदे जमवणाऱ्या ज्या कुणाला हे वाचताना घाम फुटेल, त्याने पत्र आपल्यालाच आलंय असं समजावं.

तुम्ही बोट विकायला जुलैचा शेवटचा आठवडा निवडता. १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंदी असते. दोन महिने घरात पैसा आलेला नसतो, जाळी दुरुस्त होऊन पडलेली असतात, नारळी पौर्णिमा तोंडावर असते आणि नाखव्याला १ ऑगस्टच्या तारखेने झोप लागत नाही. खाडीबाहेरचा समुद्र तर अजून खवळलेलाच असतो. तेव्हा ‘ट्रायल खाडीतच घेऊ, बाहेर कशाला जीव धोक्यात घालायचा’ हे तुमचं बोलणं ऐकणाऱ्याला काळजीपोटी आलेलं वाटतं. माझ्या मावसभावालाही तसंच वाटलं. बायकोचे दागिने गहाण टाकून त्याने तुमच्याकडून फायबरची जुनी बोट घेतली. करंजाहून सुटलेली लाँच रेवसला लागते ना लागते, तेवढ्यात तुमची ट्रायल आटोपली होती. आणि सप्टेंबरात, खांदेरीच्या बाहेर, भरलेल्या बोटीचं इंजिन बंद पडलं. बोटीवर खलाशी होते, वारा किनाऱ्याकडे होता आणि समोर खडक होते. दुसऱ्या गावच्या एका बोटीने दोर टाकून ओढत आणलं म्हणून सगळे घरी आले. त्या बोटीचा तांडेल डिझेलचे पैसेसुद्धा घ्यायला तयार नव्हता. समुद्रावरचा माणूस कसा असतो ते तुम्हाला कळावं म्हणून हे सांगतोय.

आता तुम्ही काय काय केलंत ते एकेक करून बोलू.

माझा भाऊ ट्रायलला धक्क्यावर आला तेव्हा इंजिन आधीच चालू होतं. ‘शेठ, तुमच्यासाठी तयार ठेवलंय’ म्हणालात. तयार नव्हे, गरम ठेवलं होतं. थकलेलं डिझेल इंजिन आपलं दुखणं थंड असताना सांगतं. कॉम्प्रेशन कमी असेल तर स्टार्टर पुन्हा पुन्हा मारावा लागतो, बॅटरी खाली बसते आणि चालू झाल्यावर पांढरा धूर बराच वेळ हटत नाही. तासभर आधी चालवून ठेवलं की यातलं काहीच दिसत नाही. चांगलं इंजिन थंड असताना थोडा धूर सोडतं आणि लगेच साफ होतं. गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर ते ऑइल जाळतंय. लोड दिल्यावर काळा धूर निघाला तर डिझेल पूर्ण जळत नाही: हवा कमी पडतेय, नोजल खराब आहेत किंवा पाण्यातला पंखा इंजिनाला झेपत नाही. तुम्हाला हे सगळं पाठ आहे. पाठ आहे म्हणूनच झाकता येतं.

ऑइलचंही तसंच. झिजलेल्या इंजिनात जाड ऑइल ओतलं की धूर कमी दिसतो आणि प्रेशरचा काटा वर उभा राहतो. पाऊण तास लोडवर चालवून, इंजिन पुरतं तापलेलं असताना रेस खाली आणली की तोच काटा घसरतो. तुमची ट्रायल कधी पाऊण तास चालत नाही, त्याचं कारण हे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून पाहिलं तर रिंगा गेलेल्या इंजिनातून भकाभका वाफ येते. माझ्या भावाने हात पुढे केला तर ‘अंगावर गरम ऑइल उडेल’ म्हणून तुम्ही त्याला मागे ओढलंत.

सगळ्यात वाईट काम तुम्ही ग्लँडवर केलंत. शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या पॅकिंगच्या ग्लँडमधून, शाफ्ट फिरत असताना, मिनिटाला थोडे थेंब पाणी गळायलाच हवं. त्या पाण्यानेच शाफ्ट थंड राहतो. जास्त गळत असेल तर पॅकिंग बदलायचं, शाफ्ट तपासायचा. तुम्ही नट इतके आवळलेत की एक थेंब आला नाही, आणि बोटीचं पोट कोरडं ठणठणीत दाखवलंत. वर नवा करडा रंगही मारला होता. आवळलेल्या ग्लँडने पुढच्या महिनाभरात शाफ्टवर चरे पाडले. ट्रायलच्या शेवटी कोणी ग्लँडवर हात ठेवला असता तर चटका बसला असता; कोमटच्या वर ती जाता कामा नये. म्हणून तर बोट धक्क्याला लागताच फळ्या टाकून तुम्ही सगळ्यांना चहाला नेलंत.

खाडीत पूर्ण रेस का दिली नाहीत? ‘इंजिन जपून वापरतो आपण’ हे तुमचं उत्तर. इंजिनाच्या पाटीवर मिनिटाला २,२०० फेरे लिहिले असतील तर भरलेल्या बोटीवर पूर्ण रेस देऊन ते २,२०० च्या आसपास जायलाच हवं. १,८०० वर अडकलं तर इंजिन कमजोर आहे, पंखा मोठा आहे किंवा तळाला शिंपल्यांचे थर बसले आहेत. यातलं नक्की काय, ते बोट ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही. पूर्ण रेसवर काही मिनिटं ठेवून पाण्याच्या तापमानाचा काटा बघायचा असतो. तो चढत जात असेल तर पंपाचा इम्पेलर, कूलरच्या नळ्या, नाहीतर समुद्राचं पाणी आत घेणारी जाळी तुंबलेली आहे. धरमतरच्या खाडीचं पाणी किती गढूळ असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. करंजाच्या बोटीत कूलर गाळाने भरणं ही रोजची गोष्ट आहे, आणि हळू चालवलेल्या दहा मिनिटांत ती लपते.

वेगाचा आकडाही तुम्ही ओहोटीकडून उसना घेतलात. खाडीतून बाहेर जाताना पाणी मागून ढकलत होतं. जीपीएसवर नऊ नॉट दिसले आणि तुम्ही बोट दाखवलंत. ओहोटी दोन नॉटची असेल तर बोटीचे स्वतःचे नॉट सातच. प्रवाहाबरोबर एकदा, प्रवाहाविरुद्ध एकदा, तीच रेस ठेवून चालवायचं आणि दोन्ही आकड्यांची सरासरी काढायची, हे शाळेतलं पोरही करेल. परत येताना तुम्ही जीपीएसचा पडदाच बंद केलात.

शिवाय बोट रिकामी होती. बर्फ नाही, जाळी नाहीत, टाकीत तळाला थोडं डिझेल, माणसं मोजकी. रिकामी बोट कुणाचीही छान पळते. जी बोट बर्फ, पाणी, जाळी आणि खलाशी घेऊन कमवायची आहे, तिची ट्रायल तेवढंच वजन घालून व्हायला पाहिजे.

भावाची बोट ज्याने बंद पडली, ते तर या सगळ्याहून साधं होतं. डिझेलच्या टाकीच्या तळाशी कित्येक वर्षांचा गाळ आणि पाणी साचलं होतं. शांत खाडीत ते तळाशीच बसून राहिलं. बाहेरच्या लाटांनी टाकी घुसळली, गाळ वर आला, फिल्टर तुंबला आणि इंजिन घुटमळून थांबलं. खाडीच्या तोंडाबाहेर, लाटांत, अर्धा तास बोट हलवली असती तर हे धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर कळलं असतं. जुलैत बाहेर जाता येत नसेल तर ट्रायल ऑगस्टमध्ये घ्यायची. महिनाभर थांबल्याने विकणाऱ्याचं काय बिघडणार होतं? लाटांत बोट आपटली की फायबरही बोलतो. फळीचे जोड करकरतात, रंगाखालच्या जुन्या भेगा उघडतात, इंजिनाचे बेड हलतात. सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंना फिरवून बघायचं, पुढचा गिअर, न्यूट्रल, मागचा गिअर घालून बघायचं, रेस वाढते पण वेग वाढत नाही असं झालं तर गिअरबॉक्स घसरतोय. एखाद्या ठराविक रेसवर बोट थरथरली तर शाफ्ट वाकलाय, पंख्याचं पातं मुडपलंय किंवा कपलिंग सरळ नाही. शेवटी इंजिन बंद करून लगेच पुन्हा चालू करायचं. हे तुम्हीच सांगायला हवं होतं, कारण विकायची बोट तुम्हीच फिरवत होतात.

एक गोष्ट मात्र तुम्ही मनापासून केलीत, तिचा मला सगळ्यात जास्त राग आहे. वळण किती चपळ आहे ते दाखवायला तुम्ही लाँचच्या वाटेत, नांगरलेल्या बोटींच्या मधून, बोट गरागरा फिरवलीत. १८ डिसेंबर २०२४ विसरलात? गेटवेहून घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ ही फेरीबोट इथून जवळच, मुंबई बंदरात बुडाली. इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून तिच्यावर आदळली होती. इंजिनात बिघाड होऊन ताबा सुटल्याचं नौदलानेच सांगितलं. १५ माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती आणि स्पीडबोटीवरचेही होते. ज्या यंत्राची अजून खात्री पटलेली नाही ते चालवणं म्हणजे ट्रायल. म्हणून ती माणसांच्या वाटेपासून दूर, आधी हळू, गिअर आणि सुकाणू तपासून, अंगात लाइफजॅकेट घालून, मगच पूर्ण वेगाने घ्यायची असते. आमच्या समुद्रात हे घडून गेल्यावरही करंजा-रेवस लाँच समोर दिसत असताना तुम्ही अशी गरागरा वळणं घेता, आणि धक्क्यावर उभी असलेली पोरं टाळ्या वाजवतात.

कागदांबद्दल थोडक्यात. नोंदणी पुस्तकातला इंजिन क्रमांक आणि ब्लॉकवरचा क्रमांक जुळतो का, बोटीवर कर्ज आहे का, सोसायटीची थकबाकी आहे का, विमा चालू आहे का, हे दोन तासांत कळतं. ट्रकचं इंजिन उतरवून बोटीवर चढवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि तिच्यात काही पाप नाही. पाप लपवण्यात आहे.

तुमचा आवडता बचाव मला ठाऊक आहे: ‘बघून घेतली ना बोट? मग आता काय?’ भारतीय करार कायदा, १८७२ उघडा आणि कलम १७ वाचा. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणं याला तिथे फसवणूकच म्हटलंय. कलम १९ प्रमाणे अशा फसवणुकीने घेतलेली संमती ज्याची, त्याला तो करार रद्द करता येतो. तुम्ही नुसते गप्प बसला असतात तर ‘तपासायला तुला कुणी अडवलं होतं’ असं म्हणायला जागा होती. तुम्ही गप्प नव्हता. नट आवळलेत, ऑइल बदललंत, इंजिन तापवून ठेवलंत, झाकणापासून हात मागे ओढलात. याला झाकणंच म्हणतात.

इंग्लंड-अमेरिकेत जुनी बोट घेणारा आधी किंमत ठरवतो, थोडी रक्कम अनामत ठेवतो आणि सौद्याच्या कागदावरच लिहून घेतो की सर्व्हे आणि समुद्रातली ट्रायल पसंत पडली तरच व्यवहार पुरा, नाहीतर अनामत परत. सर्व्हेअर घेणारा आणतो, त्याचे पैसेही घेणाराच देतो, म्हणून तो विकणाऱ्याचं ऐकत नाही. यात परदेशी असं काही नाही. करंजात बैल घेताना आमच्या आजोबांनी आधी त्याला नांगराला जुंपून बघितला, मग पैसे मोजले. बोटीला हाच न्याय लावायचा. ट्रायल विकत घेणाऱ्याची असते. वेळ, भरती-ओहोटी, वजन, अंतर आणि मेकॅनिक या पाचही गोष्टी तुम्ही ठरवल्यात, म्हणजे निकालही तुम्हीच लिहिलात. भावाला तुम्ही बोटीत बसवून फिरवून आणलंत, एवढंच.

माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. शाफ्ट, टाकीची सफाई आणि इंजिन खोलण्याचा खर्च द्या, किंवा बोट परत घ्या. दागिने अजून गहाण आहेत.

आणि धक्क्यावर हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक नाखव्याला विनंती: बयाणा देण्याआधी साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्या. इंजिन माझ्यासमोर थंड असताना चालू होईल. बोट माझ्या मेकॅनिकसह, माल भरल्याइतकं वजन घालून, खाडीबाहेर किमान तासभर चालेल. नंतर ती ओढून तळ, पंखा आणि सुकाणू दाखवले जातील. यातलं काही नापास झालं तर बयाणा त्याच दिवशी परत मिळेल. दलाल या कागदावर सही करणार नसेल, तर ती बोट कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका.