तहहयात कौशल्य विकास योजना

अमेरिकेत एके काळी भलीमोठी कौशल्य विकास योजना चालू होती, हे आम्हांला फार उशिरा कळलं. भरती थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, जहाजाचं भाडं माफ, राहण्याजेवण्याची सोय मालकाकडे आणि प्रशिक्षणाची मुदत तहहयात! गुलामांनी कौशल्यं कमावली आणि काही वेळा ती त्यांना स्वतःच्या फायद्यासाठी वापरता आली, असं मुलांना शिकवा, हे फ्लोरिडाच्या शिक्षण मंडळाने 2023 साली मंजूर केलं. 'काही वेळा' हे मात्र झकास. सरकारी माणूस खोटं बोलतानाही पळवाट ठेवतो.

योजनेत लिहिणं तेवढं बसत नव्हतं. साउथ कॅरोलिनात 1740 च्या कायद्याने गुलामाला लिहायला शिकवणाऱ्यालाच दंड होता. बाकी कौशल्याचं म्हणाल, तर पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्या कित्येकांना भातशेती घरूनच येत होती. बॉस्टनला 1721 साली देवीची साथ आली, तेव्हा टोचून घेण्याचा जो उपाय झाला, तो ओनेसिमस नावाच्या गुलामाने आपल्या मालकाला आधीच सांगून ठेवला होता. मास्तर कोण आणि विद्यार्थी कोण, हा प्रश्न मंडळाने परीक्षेत घालू नये. पेपर तपासणाऱ्यांची पंचाईत होईल.

टेक्सासमध्ये 2015 साली भूगोलाच्या एका पुस्तकाने गुलामांना स्थलांतराच्या धड्यात बसवलं आणि नकाशाखाली 'कामगार' म्हणून टाकलं. पगाराचा आकडा जागेअभावी राहिला असावा.

फ्लोरिडासाठी केलेल्या एका पाठ्यपुस्तकाच्या मसुद्यात तर बसमध्ये गोऱ्यासाठी जागा न सोडणाऱ्या रोझा पार्क्स या काळ्या बाईच्या धड्यातून तिचा वर्णच गायब! तिला दुसरीकडे बसायला सांगितलं, ती उठली नाही, संपला धडा. या हिशेबाने आमच्या एसटीत खिडकी न सोडणारी प्रत्येक मावशी क्रांतिकारक ठरते. मग रोझाच्या अटकेनंतर माँटगोमेरीतल्या काळ्या लोकांनी 381 दिवस बसवर बहिष्कार घातला, तो काय खिडकीसाठी?

वाईट वाटतं ते जोतीराव फुल्यांचं. 1873 साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केलं. त्या लोकांनी सुरळीत चाललेला प्रशिक्षण वर्ग बंद पाडला होता, हे त्यांना पुण्यात बसून कसं कळावं!

तेव्हा ह्यूस्टन-टँपाकडे नातवंडं असलेल्या आजीआजोबांनो, व्हिडिओ कॉलवर "जेवलास का?" विचारून झालं, की इतिहास-भूगोलाची पुस्तकं कॅमेऱ्यापुढे धरायला सांगा. नकाशाखालची बारीक ओळ आधी वाचा. टेक्सासचा तो 'कामगार' एका शाळकरी पोरालाच दिसला होता. त्याच्या आईने बोभाटा केला, तेव्हा कुठे प्रकाशकाने चूक कबूल केली.