दोन डगरींवरचा खलनायक

आपल्या ऐतिहासिक मालिकांतला फितूर पहिल्याच भागात ओळखू येतो. तो तिरकं हसतो, मिशीवरून बोट फिरवतो, आणि तो दालनात शिरला की मागचं संगीत बदलतं. प्रेक्षकाला विचार करायचं कामच उरत नाही. मला याचा राग येतो. फितुरीने या मुलखाचं एवढं वाटोळं केलं, पण चांगल्या घरातला, शहाणा, बायकापोरांवर जीव असलेला माणूस तिथवर पोचतो कसा, हे आपण दाखवत नाही.

‘द मॅन इन द हाय कॅसल’ या मालिकेने ते दाखवलं. फिलिप के. डिकच्या १९६२ च्या कादंबरीवर बेतलेली ही मालिका २०१५ ते २०१९ या काळात चार पर्वांत आली. दुसरं महायुद्ध जर्मनी आणि जपानने जिंकलं, अमेरिका दोघांनी वाटून घेतली, असा तिथला इतिहास. त्यात जॉन स्मिथ आहे. रुफस स्यूएलने ही भूमिका केली. स्मिथ आधी अमेरिकन सैन्यात होता. देश हरला तेव्हा घरात बायको आणि तान्हं मूल. त्याने जिंकणाऱ्यांचा गणवेश चढवला. सैन्यातल्या ज्यू मित्राला पकडून नेलं, तेव्हा तो गप्प बसला. मग बढत्या मिळत गेल्या.

त्याच मुलाला पुढे आनुवंशिक आजार निघतो. नव्या राज्याच्या कायद्यात अशा मुलाला जगायचा हक्क नाही. स्मिथ काय करतो? निदान करणाऱ्या डॉक्टरचा स्वतःच्या हाताने खून करतो. ज्या कायद्याच्या नावाने त्याने दुसऱ्यांची घरं उजाड केली, तोच कायदा आपल्या उंबऱ्यावर आल्यावर त्याला नको होतो. पण मुलगा बापाच्या राज्याची शिकवण खरी मानून वाढलेला. तो स्वतःहून सरकारच्या हवाली होतो. इथे मला स्मिथची कीव आली आणि किळसही आली, दोन्ही एकदमच. असा खलनायक लिहिणं म्हणजे लेखकाची खरी मेहनत.

असा माणूस उभा करायला अमेरिकेला अख्खा इतिहास उलटा करावा लागला. खानदेशात तसं काही करावं लागत नाही. वर सातपुडा, खाली अजिंठ्याची रांग, मधून तापी. उत्तरेची फौज दक्षिणेत उतरताना बऱ्हाणपूर-अशीरगडची ही वाट धरायची. तिला रस्ता द्यायचा की रस्ता अडवायचा, हा प्रश्न इथल्या धन्यासमोर पुन्हा पुन्हा आला.

राजे अलीखान फारुकी घ्या. धुळे जिल्ह्यातलं, शिरपूर तालुक्यातलं थाळनेर ही फारुकींची पहिली गादी. फिरोजशहा तुघलकाने थाळनेर आणि करवंद मलिक राजाला जहागीर दिलं, तिथून हे घराणं वर आलं. तापीकाठचे त्यांचे मकबरे आजही थाळनेरात उभे आहेत, त्यातला अष्टकोनी मकबरा तर निवांत बघावा असा. पुढे गादी बऱ्हाणपूरला गेली आणि १५७६ मध्ये राजे अली तिच्यावर बसला. घराण्यातली मुलगी अकबराने १५६४ मध्येच केली होती, म्हणजे दिल्लीश्वर नात्याने मेहुणा. दक्षिणेकडे अहमदनगर, वऱ्हाड, विजापूर, हे शेजारी. एकीकडे सोयरीक, दुसरीकडे शेजार.

तो दोन्ही डगरींवर पाय ठेवून चालला. १५८६ मध्ये मुघल सरदार अजीज कोका वऱ्हाडात घुसला, तेव्हा राजे अली दख्खनवाल्यांच्या बाजूने उभा राहिला. पाचच वर्षांनी, १५९१ मध्ये, अकबराच्या मनासारखं व्हावं म्हणून रोहणखेडला लढून त्याने बुऱ्हाण निजामशहाला अहमदनगरच्या गादीवर बसायला मदत केली. मुघलांनी १५९५ मध्ये अहमदनगरला वेढा घातला. आत चांदबिबी, बाहेर मुघल फौजेत राजे अली. त्याचं मन आतल्यांकडे आहे, हा संशय तेव्हापासून त्याच्या पाठीला चिकटला. याच माणसाने बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरून घेतला. त्याला एका रंगात रंगवून दाखवा बरं.

आणि मग १५९७, सोनपेठ. आजचा परभणी जिल्हा, गोदावरीचा परिसर. एका बाजूला मुघलांचा सेनापती खानखानान अब्दुर्रहीम, दुसऱ्या बाजूला विजापूरचा सुहेलखान. राजे अली मुघलांकडून उभा. विजापूरच्या तोफांच्या माऱ्यात तो आणि त्याचे कितीतरी लोक पडले. अंधार झाला, कोण कुठे आहे कुणाला पत्ता नाही. मुघल छावणीत राजे अली दिसेना. संशय आधीपासून होताच. गेला पळून, नाहीतर मिळाला शत्रूला, असं धरून मुघलांनी त्याचीच छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत सापडलं. तो मुघलांसाठी लढताना मेला होता, आणि त्याच रात्री त्याच्या राहुट्या मुघलांनीच उचकटल्या होत्या.

हा प्रसंग कुठल्याही पटकथाकाराला फुकटात मिळालेला आहे. उलटा इतिहास हवा असेल तर एवढंच बदला: त्या संध्याकाळी राजे अली खरंच सुहेलखानाकडे गेला असता तर? मुघलांची दख्खन मोहीम सोनपेठलाच अडली असती का? अशीरगड अकबराच्या हाती गेला असता का? या मुलखाचं भाग्य कुणी लिहिलं असतं? राजे अली दक्षिणेचा तारणहार ठरला असता, की फक्त आणखी एकदा बाजू बदललेला धनी? मी स्वतः दुसऱ्या उत्तराकडे झुकतो. कारण ज्याच्या प्रत्येक निष्ठेला किंमत ठरलेली असते, त्याची शेवटची निष्ठाही कुणी खरी मानत नाही.

याच थाळनेरात १८१८ मध्ये अगदी उलट घडलं. होळकरांनी मंदसोरच्या तहात खानदेश इंग्रजांना दिला. किल्लेदार तुळशीराम मामाने किल्ला द्यायचं नाकारलं. २७ फेब्रुवारीला जनरल हिस्लॉपच्या फौजेने किल्ला घेतला, आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फासावर दिलं. धन्याने किल्ला देऊन टाकला होता आणि चाकर तो सोडत नव्हता. इंग्रजांच्या लेखी तो बंडखोर. तुमच्या लेखी कोण?

भिल्लांचा खाज्या नाईक तर अगदी जवळचा. सेंधव्याच्या घाटात आग्रा रस्त्याची राखण करणारा, इंग्रजांचा पगार खाणारा. शिक्षा भोगली, पुन्हा कामावर घेतला गेला आणि १८५७ मध्ये उलटला. सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला लढाई झाली. त्याच्यावर चालून गेलेल्या फौजेत इंग्रजांची भिल्ल कोअर, म्हणजे भिल्ल शिपायांची पलटण होती, जिची उभारणी १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावात सुरू केली होती. भिल्लाच्या समोर भिल्ल बंदूक धरून उभा. १८६० मध्ये खाज्याला मारलं तेही त्याच्या टोळीत विश्वासाने शिरलेल्या माणसाने. आंबापाणी आज आदिवासी समाजाचं श्रद्धास्थान आहे, तिथे खाज्या हुतात्माच. पण त्या लढाईत त्याच्यावर गोळी झाडणाऱ्या कोअरमधल्या शिपायाची गोष्ट कोण सांगणार? माझ्या मते मालिकेचा खलनायक तिथे आहे.

कुणी म्हणेल, असं मन उघडून दाखवलं की पाप धुतलं जातं. मला हे पटत नाही. चार पर्वं स्मिथच्या घरात राहूनही प्रेक्षक त्याला माफ करत नाही. उलट, तो कुठे कुठे थांबू शकला असता आणि थांबला नाही, ते एकेक ठिकाण ध्यानात राहतं. अखेरीस देश परत उभा करायची संधी चालून येते, तीही तो सोडतो. सोपा खलनायकच माणसाला सूट देतो, कारण त्याला बघून ‘आपण असे नाही’ म्हणत टीव्ही बंद करता येतो. २०२५ च्या ‘छावा’ चित्रपटानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी शिर्क्यांच्या फितूर म्हणून केलेल्या चित्रणावर हरकत घेतली. हेच गणोजी पुढे जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराजांना निसटायला मदत करणाऱ्यांत होते, वतनाच्या बोलीवर. तो गणोजी पडद्यावर आणा. भांडणं कमी होतील असं नाही, पण भांडणाला दर्जा येईल.

मालेगावच्या पोरांनी खिशात पैसे नसताना ‘मालेगाव के शोले’ हा सिनेमा काढला, तेव्हा कॅमेरा नाही ही सबब या भागात चालणार नाही. जळगाव-धुळ्याच्या लिहित्या हातांना माझी विनंती आहे: राजे अलीखान लिहा. दरबारात फारसी, सैनिकांच्या तोंडी अहिराणी. मेहुण्याचा खलिता आणि शेजाऱ्याचा निरोप एकाच रात्री त्याच्या हातात द्या, आणि तो कुठला आधी उघडतो ते दाखवा. त्याला माफ करू नका, त्याचं सोंगही करू नका. तो मेल्यावर चार वर्षांच्या आत, जानेवारी १६०१ मध्ये, अकबराने अशीरगड घेतला, त्याच्या मुलाला कैद केलं आणि शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचं नाव दानदेश ठेवलं. शेवटच्या भागासाठी एवढं पुरेसं आहे.