कर्ता हजर, वाक्य गैरहजर

चाकण चौकातल्या कोंडीत बस अडकते, पोरगा शिफ्टला उशिरा पोचतो. सुपरवायझर डोळे वटारतो. पोरगा चाचरत म्हणतो, ‘बिकॉज द बस वॉज लेट.’ संध्याकाळी भोसरीतल्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात मास्तर सांगतात, हे वाक्यच नव्हे, नुसता तुकडा! कर्ता आहे, क्रियापद आहे, पण ‘बिकॉज’ने सुरुवात केलीत की जोडीला मुख्य वाक्य हवं. मग सुपरवायझर जे ओरडला, ‘गो!’, ते? ते मात्र पूर्ण वाक्य. त्यात कर्ता अध्याहृत असतो म्हणे. व्याकरणसुद्धा मॅनेजमेंटच्या बाजूने, दुसरं काय!

पहिलीपासून इंग्रजी राज्यात 2000 साली आलं. ते आणणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे याच कारखान्यांच्या पट्ट्यातले. चिंचवडच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. त्या इंग्रजीवर वाढलेली पोरं आज लाइनवर उभी आहेत आणि त्यांच्याभोवती क्रियापदांचा दुष्काळ आहे. दारावर ‘नो अ‍ॅडमिशन’, लॉगबुकात ‘मटेरियल शॉर्ट’, गेटवर ‘वाँटेड हेल्पर्स’. औषधाला एक पूर्ण वाक्य नाही, तरी ट्रक भरून माल बाहेर पडतोच.

तेव्हा मास्तर, तुकडे ओळखायला जरूर शिकवा. पण सरावाला ‘राम इज अ बॉय’ आता पुरे. जादा कामाला दुप्पट दराने मजुरी, हे 2025पर्यंत 1948च्या कारखाने अधिनियमातलं कलम 59 होतं, आणि हक्क आजही कायम आहे. ती मजुरी पूर्ण वाक्यात मागायला शिकवा.