गोष्टीतला कुत्रा, सोसायटीतला कुत्रा

सणासुदीच्या गोष्टीतला भटका कुत्रा नेमका मोक्याच्या वेळी हरवतो. वर्षभर पार्किंगवरून भांडलेले दोन शेजारी टॉर्च घेऊन त्याला शोधायला निघतात, तो जिन्याखाली सापडतो, चकल्यांची देवाणघेवाण होते. वाचक डोळे पुसतो.

खऱ्या सोसायटीत तो हरवत नाही. भांडणाचं कारणच तो असतो. तळमजल्यावरच्या काकू पोळी घालतात, वरचे काका गॅलरीतून पाणी ओततात. सरकारलाही हे ठाऊक असावं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाऊ घालायची जागा जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर हवी, असं चक्क लिहिलंय. तरीही वाद पेटलाच, तर समिती नेमायची. तीत पशुवैद्यकीय अधिकारी, पोलिसांचा प्रतिनिधी, प्राणिकल्याणवाले, सोसायटीचा प्रतिनिधी आणि खुद्द तक्रारदार! एका शिळ्या पोळीसाठी एवढा लवाजमा.

नेपाळात तिहारच्या, म्हणजे तिथल्या दिवाळीच्या, दुसऱ्या दिवशी कुत्र्याला टिळा लावून झेंडूची माळ घालतात. आपल्याकडे त्याच सुमारास सुतळी बॉम्ब फुटतात आणि तो गाडीखाली थरथरत बसतो. दत्ताच्या तसबिरीतले चार कुत्रे तेवढे निर्धास्त. त्यांच्याविरुद्ध अजून कुणी सेक्रेटरीकडे अर्ज दिलेला नाही.