माजीदादा

माजी आमदार, माजी सभापती, माजी सरपंच यांचं मराठवाड्यात कुणाला नवल नाही. दर पारावर एखादा बसलेला असतोच. अलीकडे मात्र नांदेड-लातूर रस्त्यावर एक नवा माजी दिसायला लागलाय. वय सत्तावीस-अठ्ठावीस, दाढी कोरलेली, पाठीवर कंपनीनं दिलेली सॅक. गळ्यातलं ओळखपत्र सुट्टीतही उतरत नाही, आंघोळीच्या वेळी उतरत असावं. हा माजी विद्यार्थी. पोरं त्याला दादा म्हणतात, म्हणून आपणही माजीदादाच म्हणू.

आमच्याकडचे माजी विद्यार्थी इतके कोवळे का, तर विद्यापीठच तरुण आहे. मुंबईचं विद्यापीठ 1857 चं. आमचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडजवळ विष्णुपुरीला निघालं ते 17 सप्टेंबर 1994 ला, मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त धरून. तोवर आमच्या पदव्या औरंगाबादहून यायच्या आणि आमच्या आधीच्यांच्या हैदराबादच्या उस्मानियातून, त्याही उर्दूत. आता तिशी नुकती ओलांडलेल्या विद्यापीठानं इमारतीला आईबापाचं नाव देणारे पिकल्या केसांचे दानशूर आणायचे कुठून? नंदन नीलेकणींनी 2023 साली मुंबईच्या आयआयटीला 315 कोटी रुपये दिले, ही बातमी माजीदादानंच ग्रुपवर टाकली होती. खाली लिहिलं होतं, 'आपणही काहीतरी केलं पाहिजे.' त्यावर एकवीस अंगठे आले आणि चौघांची वर्गणी आली. बाकीच्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. कुणाच्या डोक्यावर गाडीचा हप्ता, कुणावर बहिणीच्या लग्नाचं उरलेलं देणं, आणि एकानं तर गावाकडे बोअर घेतला होता, त्याला पाणीच लागलं नाही.

कॉलेजला माजीदादाची आठवण येते ती नॅकचं मूल्यांकन जवळ आलं की. नॅकच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र रकाना आहे आणि तो रिकामा दिसून चालत नाही. मग जुनी रजिस्टरं उघडतात, फोन जातात, मंडपवाला येतो. ज्याला तिसऱ्या वर्षी हजेरी कमी म्हणून वर्गाबाहेर उभा केला होता, त्याच्यासाठी नारळ आणि शाल निघते. मी अशाच एका कॉलेजात शिकवतो. कुठल्या ते सांगत नाही, नोकरी अजून शिल्लक आहे.

माजीदादाला मात्र बोलावणं लागत नाही. तो आपणहून येतो, तोही येळवसीच्या आदल्या दिवशी. वेळ अमावास्येला लातूर जिल्ह्यात माणूस घरात सापडत नाही, सगळं गाव शेतात भज्जी आणि आंबिलीपाशी. त्यामुळे आदल्या दिवशी एक व्याख्यान उरकायचं आणि दुसऱ्या दिवशी शेत गाठायचं, असा त्याचा बेत. दोन्ही सेवाच.

गेल्या खेपेच्या व्याख्यानाला मी मागच्या बाकावर बसलो होतो. सुरुवात 'हाय गाईज'नं झाली. पडद्यावर डोंगर आला, डोंगराच्या टोकावर एक माणूस हात पसरून उभा. विषय होता कम्फर्ट झोनच्या बाहेर कसं पडावं. समोर बसलेली पोरं चाकूर, मुखेड, कंधार, देगलूरकडची. दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहणारी, महिनाअखेरीला दोघांत एक डबा खाणारी. कम्फर्ट झोन म्हणून काही असतो हेच त्यांना त्या दिवशी कळलं. बाहेर पडायचं तर आधी आत कुठून शिरायचं, असा प्रश्न बऱ्याच चेहऱ्यांवर दिसत होता. अपयशाचं उदाहरण म्हणून त्यानं स्टीव्ह जॉब्ज काढला. इंटरला पुन्हापुन्हा नापास होऊन पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर नांदेडातच होऊन गेले, पण घरच्या नापासाला तेवढा भाव नाही.

शेवटी त्यानं विचारलं, "एनी क्वेश्चन्स?"

बराच वेळ कुणी हललं नाही. मग खिडकीजवळचा एक उठला. "दादा, पुण्यात कॉट बेसिस केवढ्याला पडायलंय सध्या?"

माजीदादाचा चेहरा आधी उतरला आणि मग उजळला. त्यानं लॅपटॉप मिटला, डोंगर गेला. खडू हातात घेतला आणि फळ्यावर दोन रकाने पाडले: भाडं, डिपॉझिट. मग मेस, बसचा पास, मुलाखतीला लागणारा एक बरा शर्ट. बोलता बोलता 'गाईज'ची 'पोरंहो' झाली. "आरं, मी पहिल्यांदा गेलतो तवा रातभर स्वारगेटला बसूनच काढली. कुणाचा नंबरच नव्हता. तुमी तसं करू नका, माझा घ्या." अख्खा वर्ग वही काढून लिहायला लागला. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या तासाला हे दृश्य मी पाहिलेलं नाही, आणि थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोला.

त्यानंतर कँटीनमध्ये त्याचा खरा दरबार भरला. शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीच्या पोर्टलवर अडकलेल्या पोरी रांगेत उभ्या. एकीच्या दहावीच्या सनदेवर वडिलांचं नाव ज्ञानोबा, आधारवर ग्यानबा आणि बँकेच्या पासबुकावर नुसतंच 'ग्यानू'. एकाच बापाची तीन माणसं झालेली. माजीदादानं चहा बाजूला सारला, आधी आधार दुरुस्त कर, मग खातं जोड, मग फॉर्म, असा क्रम एका कागदावर लिहून दिला आणि वर बजावलं, "उत्पन्नाचा दाखला जुना झालाय, तहसीलला उद्या जाऊ नको, उद्या येळवस हाय. तिथं कुत्रंबी नसंल." मार्गदर्शन ते हेच.

पाण्याच्या बाबतीत तो जरा विक्षिप्त आहे. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर, तेव्हा तो बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला लातुरात होता. अजूनही कुठला नळ टिपकताना दिसला की हा व्याख्यान सोडून उठतो. चौघांच्या वर्गणीतून कॉलेजात पाण्याचा कूलर बसला तोही ह्याच्याच हट्टानं. त्यावर देणाऱ्यांची नावं रंगवली होती. पोरांनी बाटल्या घासून घासून दोन नावं पुसली, दोन टिकून आहेत.

माजीताई हा वेगळा विषय आहे, आणि तिच्यावर विनोद करायला माझी लेखणी जरा कचरते. ती कुठल्या बँकेत, कुठल्या दवाखान्यात नोकरीला असते. ग्रुपवर बोलत नाही. परीक्षा फी भरायच्या शेवटच्या दिवशी एखादीच्या खात्यात पैसे येतात, एवढंच. नाहीतर एखाद्या बापाला फोन येतो, "काका, सोयरीक दोन वर्षं थांबवा, पोरगीला एम.एस्सी. करू द्या." काका फोनवर हो म्हणतात, ठेवल्यावर नाही म्हणतात, म्हणून आठवड्याने पुन्हा फोन येतो. मेळाव्याला तिला शाल द्यायचं कुणाला सुचलेलं नाही. सुचलं तरी ती येणार नाही, तिला त्या दिवशी ड्युटी असते.

निघताना मी माजीदादाला स्टँडवर सोडायला गेलो. तो खट्टू होता. म्हणाला, "सर, समाजाला परत काहीच देणं होईना बघा. एक लेक्चर झालं, एक कूलर झाला. तोबी चौघांत."

मी विचारलं, "तुझ्या हडपसरच्या खोलीत सध्या किती जण?"

"सात."

"तुझे रूममेट?"

"रूममेट दोन. बाकीचे ते आपले, पोरं हायत. कुणाची परीक्षा, कुणाची मुलाखत. ट्रॅव्हल्स पहाटे गाडीतळावर सोडती, मग जातील कुठं? येतात, ऱ्हातात, लागली नोकरी की जातात."

"आणि भाडं?"

"लागल्यावर देतो म्हणतात."

"देतात?"

"त्यातल्या दोघांच्या खोलीवर आता त्यांचे पाच-पाच हायत. त्यांच्याकडून काय घेता?"

एवढं बोलून तो पुन्हा परत देण्याच्या काळजीत बुडाला. पुढच्या येळवसीला नवं व्याख्यान करायचंय, विषय सुचवा म्हणाला. मी अजून सुचवलेला नाही.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. आपल्यापैकी कुणाचं पोरगं परीक्षेला, मुलाखतीला पुण्याला निघालं असेल तर येऊन घेऊन जा. पांघरूण मात्र आपलं आपण न्यायचं, आणि जमलं तर सोबत किलोभर मुरमुरे. सातही जण सुशिल्याला तरसलेले आहेत.