भाव सावरले हो!

जुन्या औद्योगिक शहरांत घरांचे भाव सावरतायत म्हणे. सावरणारच. कारखाना हलला की जागेची तब्येत सुधारते, हे मुंबईच्या गिरणगावाला विचारा. 1982चा गिरणी संप झाला, फिनिक्स मिलचा मॉल झाला. गिरणी कामगार अजून म्हाडाच्या सोडतीकडे डोळे लावून बसलाय.

चंदीगडने हा धडा संपाविनाच गिरवला. आखीव शहराने कारखाने हिरव्या पट्ट्यापलीकडे ठेवले होते. 2005मध्ये प्रशासनाने शुल्क घेऊन औद्योगिक भूखंडांवर व्यापाराला मुभा दिली, आणि 2013मध्ये तिथेच एलांते मॉल उघडला. पत्त्यात अजून ‘औद्योगिक क्षेत्र, फेज 1’. उत्पादन म्हणाल तर कॉफीवरचा फेस, शनिवारी-रविवारी जादा पाळीत.

आणि घरं? जानेवारी 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या सेक्टरांतल्या कोठ्यांचे, म्हणजे बंगल्यांचे, मजलेवार फ्लॅट करायला मनाई केली. शहर आखणाऱ्या कॉर्बुझिएचा वारसा वाचला, उत्तम झालं. मजला घेऊ पाहणाऱ्या मास्तराची घालमेलही संपली: अख्खी कोठी घ्या, नाहीतर मोहालीची बस पकडा.