बादलीतला सूर

तालवादक त्रिलोक गुर्टू टोल दिलेली थाळी पाण्याच्या बादलीत हळूहळू बुडवतात आणि तिचा सूर वाकत वाकत खाली उतरतो. खाऱ्या हवेत राहणाऱ्या रत्नागिरीकराच्या मनात ते पाहून पहिली शंका येते ती पितळ कळकण्याची. दुसरी शंका, “पण यात गाणं कुठाय?” पहिलीवर चिंचेचा उपाय आहे. दुसरीसाठी मात्र जरा मागे जावं लागतं.

जॅझ फ्यूजनवाले नुसते हात चालवतात, भाव शून्य, हा आक्षेप आपण तरी घेऊ नये. सावरकरांनी रत्नागिरीत स्थानबद्ध असताना लिहिलेलं ‘संन्यस्त खड्ग’ 1931मध्ये रंगभूमीवर आणलं ते दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीने. दीनानाथांची तान म्हणजे वीज. संगीत नाटकात अशा तानेला वन्स मोर मिळाला की शत्रूचं सैन्यही वेशीबाहेर मुकाट थांबायचं. जॉन मॅकलॉफ्लिन या फ्यूजनवाल्याची गिटार तेवढ्याच वेगाने धावली, तर लगेच आपल्याला भाव आठवतो! बरं, दीनानाथांचं मागे उरलं ते काय? नुसता वेग असता, तर तो कुणीही तालमीने गाठला असता. वसंतराव देशपांडेंनी त्यांच्याकडून उचललं ते धाडस, आणि 1967च्या ‘कट्यार काळजात घुसली’तले खाँसाहेब त्यावर उभे राहिले. 2015च्या ‘कट्यार’ चित्रपटात पंडितजी झाले शंकर महादेवन. घराण्याची शान सांभाळणारे हे पंडितजी एरवी ‘शक्ती’ या फ्यूजन चमूत तबलावादक झाकीर हुसेन आणि त्याच इंग्रज गिटारवाल्या मॅकलॉफ्लिनच्या पंगतीला असायचे, आणि 2024 साली त्यांच्यासह ग्रॅमीही घेऊन आले. मूळ ‘शक्ती’ 1976-77मध्ये तीन तबकड्या काढून पांगली होती. एवढ्या भांडवलावर इतकी वर्षं नाव टिकवणं आपल्याकडे सहकारी संस्थांनाही जमत नाही.

उरला शुद्धतेचा मुद्दा. तो पेटीच्या साथीने मांडला जातो, ही त्यातली गंमत. पेटी युरोपातून आली; आकाशवाणीने 1940पासून तीस वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं, तरी कोकणातलं एकही भजन त्यापायी अडलं नाही. अर्थात फ्यूजनच्या नावाखाली सतार एका टोकाला, गिटार दुसऱ्या टोकाला आणि मध्ये भरून काढायला निवेदक, असे कार्यक्रम होतात, हे कबूल. पण तिथे दोघांनाही एकमेकांची विद्या येत नसते. मॅकलॉफ्लिन वीणा शिकले होते. गुर्टूंना तर घराबाहेर जायचीही गरज नव्हती: आई शोभा गुर्टू, बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका. 1988च्या ‘उस्फ्रेत’ तबकडीत आईचा आवाज आणि मुलाचे ड्रम शेजारी आहेत, आणि कुणीही कुणाला जागा करून देण्याचा आव आणत नाही. ड्रमसेटसुद्धा त्यांनी जमिनीलगत मांडला, खुर्ची काढून टाकली. तबलजीची बैठक पाश्चात्त्य वाद्याला लावली. प्रभाव म्हणतात तो हा. तो बोटांच्या वेगातून येत नाही, वाद्याकडे कसं बसायचं हेच बदलून टाकल्याने येतो.

तरीही सगळा गोंधळच वाटतो म्हणणाऱ्यांनी ‘शक्ती’ची एखादी तिहाई बोटांवर मोजावी. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब दलालाच्या पट्टीशी ताडून पाहणाऱ्या जिल्ह्याला एवढं अवघड नाही. शिवाय हा हिशेब समेवर चोख जुळतो. दलालाचा जुळेलच असं नाही.